वृद्धनिवासातील धातुकामाची कर्मशाळा : इमारतीचा अंदाज आणि पुढचा खर्च



‘घर पाहावे बांधून’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा वाढतोच, हा त्या म्हणीमागील अनुभव होय. तथापि, सार्वजनिक संस्थांच्या इमारतींबाबत याहूनही खेदजनक असा आणखी एक अनुभव येत असतो. इमारत ठरल्या वेळी आणि ठरल्या खर्चात पूर्ण होते, नामफलक बसतो, समारंभ पार पडतो आणि दोन वर्षांनंतर त्याच दाराला कुलूप लागलेले दिसते. बांधकामाचा हिशोब चोख असतो, पण वास्तू चालविण्याचा हिशोब कोणीच केलेला नसतो. वृद्धनिवासाच्या आवारात धातुकामाची कर्मशाळा उभारावयाची झाल्यास तिचे अंदाजपत्रक कसे करावे, याचा विचार म्हणूनच या दोन्ही बाजूंनी करावयास हवा. त्यासाठी हैदराबाद शहराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

धातुकामाचे शहर

हैदराबाद म्हटले की चारमिनार आणि मोती आठवतात. परंतु हे शहर धातुकामाचेही आहे. लालागुडा येथील रेल्वेचे वर्कशॉप १८९३ पासूनचे. निजामी राजवटीतील टांकसाळ १९०३ मध्ये सैफाबादला आली आणि १९९७ मध्ये चेर्लापल्लीस हलली. ऑल्विन मेटल वर्क्स हा कारखाना १९४२ मध्ये आणि प्रागा टूल्स १९४३ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर रामचंद्रपुरम येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १९६८ मध्ये बालानगर येथे हत्यारांच्या आरेखनाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. याशिवाय बिदरचे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवरील चांदीचे जडावकाम आणि पेंबर्तीचे पितळी पत्र्याचे काम या जुन्या कलांचा वारसाही या प्रदेशाला लाभला आहे.

मराठी माणसाला हा इतिहास परका नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते आणि बिदरही त्यात होते. त्यामुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचे नोकरीचे आणि शिक्षणाचे शहर हैदराबादच होते.

ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे लेथवर, भट्टीपाशी किंवा जोडारीच्या बाकावर काढली, अशा कामगारांच्या पिढ्या या कारखान्यांतून निवृत्त झाल्या आहेत. अशा माणसाच्या वाट्याला उतारवयात वृद्धनिवास आला, तर तेथे त्याला जेवण, अंथरूण, औषध, भजन आणि दूरचित्रवाणी मिळते. पण हाताला काम मिळत नाही. कानशीचा एक हात फिरवून पृष्ठभाग सरळ आहे की नाही हे सांगणारी बोटे रिकामी राहतात. माणूस निवृत्त होतो, त्याचे कसब निवृत्त होत नाही. कर्मशाळेची कल्पना येथूनच जन्म घेते.

अनुभवाचा आधार

ही कल्पना केवळ स्वप्नरंजन नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाचे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती, त्यांनी तेथे शेती केली, विणकाम केले, पत्र्याचे आणि लोखंडाचे काम केले. त्याच परिसरात वृद्धांसाठी ‘स्नेहसावली’ आणि ‘उत्तरायण’ ही निवासस्थानेही आहेत. दानापेक्षा काम माणसाला अधिक काळ उभे ठेवते, हा आनंदवनाचा धडा आहे. दुसरा धडा असा की, तेथे हत्यार माणसाच्या हाताला जुळवून घेतले गेले. हात हत्याराला जुळत नाही म्हणून माणसाला घरी बसविले गेले नाही.

परदेशातही असे प्रयत्न झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील टोंगाला या छोट्या गावी १९९८ मध्ये ‘मेन्स शेड’ या नावाची शेड सुरू झाली. निवृत्त पुरुषांनी एकत्र जमून लाकूडकाम, धातुकाम, दुरुस्ती करावी आणि त्या निमित्ताने एकटेपणा विसरावा, एवढाच तिचा हेतू होता. आज त्या देशात अशा शेडची संख्या हजारावर गेली आहे.

भारतात २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणविषयक अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा आणि त्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय व्हावी, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात त्याआधीच, १९९५ मध्ये, मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली होती. या तरतुदींचा भर निवास, भोजन आणि आरोग्य यांवर आहे. कर्मशाळेचा निर्णय आणि तिच्या पैशाची तजवीज ही बहुतांशी संस्थेलाच करावी लागते. अंदाजपत्रक काटेकोर असण्याची निकड त्यामुळेच अधिक आहे.

माणसांपासून आरंभ

पुष्कळ संस्था ‘किती चौरस मीटर बांधावयाचे?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. हा क्रम उलटा आहे. पहिला प्रश्न असा असावयास हवा, की एका वेळी किती वृद्ध काम करणार आणि ते कोणते काम करणार? निवासात शंभर माणसे असली तरी धातुकामाची आवड आणि शक्ती असलेली माणसे वीस-पंचवीसच निघतील, आणि तीही एकाच वेळी येणार नाहीत. म्हणून आधी नावांची यादी करावी. कोण लोहार होता, कोण तांबट, कोण ओतारी, कोण जोडारी, कोण कातारी, कोणाला उभे राहवत नाही, कोणाचा हात थरथरतो, कोणाच्या हृदयात पेसमेकर आहे, हे सर्व त्या यादीत यावे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने विद्युत वेल्डिंगपासून दूर राहणे आवश्यक असते. त्यामुळे ही माहिती जितकी डॉक्टरच्या उपयोगाची आहे तितकीच नकाशा काढणाऱ्या अभियंत्याच्याही उपयोगाची आहे.

जागेच्या मापासाठी एक जुना, पण भरवशाचा निकष उपलब्ध आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर मोकळी जागा सांगितली होती आणि ती मोजताना ४.२ मीटरवरील उंची धरू नये असे म्हटले होते. म्हणजे छत ४.२ मीटर उंच असेल तर माणशी सुमारे ३.४ चौरस मीटर. बारा माणसांना सुमारे ४१ चौरस मीटर हे झाले किमान माप. त्यावर यंत्रांची जागा, चाकाची खुर्ची वळण्यास लागणारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ, सामानाची कोठी आणि विसाव्याची जागा मिळवावी लागते. कारखानेविषयक कायदा प्रत्यक्ष लागू होतो की नाही, हे माणसांच्या संख्येवर आणि विजेच्या वापरावर अवलंबून असते. या मर्यादा वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून त्या संबंधित कार्यालयात विचारून घ्याव्यात. कायदा लागू नसला तरी माप मात्र सोडू नये.

बारा माणसांसाठी आतील ९० चौरस मीटर जागा धरल्यास तिची वाटणी अशी करता येईल : हातकामाची बाके ३२, यंत्रे २४, वेल्डिंग व भट्टी यांचा वेगळा कक्ष १४, कोठी ८, विसावा व प्रशिक्षकाची जागा ८ आणि चाकाच्या खुर्चीसह वापरता येईल असे स्वच्छतागृह ४ चौरस मीटर.

जमीन, पाणी आणि सूर्य

एकाच नकाशाचा खर्च दोन गावांत सारखा येत नाही. हैदराबादच्या पोटात ग्रॅनाइटचा कातळ आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतो. पायाला तो उत्तम, परंतु पाण्याची नळी, सांडपाण्याची टाकी किंवा चर खोदावयाचा झाल्यास खर्च वाढवितो. मराठवाड्यातील काळ्या मातीत नेमके उलट घडते. खोदाई स्वस्त पडते, पण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो व जोत्याखाली मुरमाची भर घालावी लागते. यास्तव अंदाजपत्रकाआधी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यावेत. त्यावर होणारा किरकोळ खर्च पुढे लाखांची चूक टाळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुसी नदीचा २८ सप्टेंबर १९०८ चा महापूर हैदराबाद कधी विसरले नाही आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने शहराच्या अनेक वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. जुन्या तळ्याच्या किंवा नाल्याच्या पोटातील जमीन फुकट मिळाली तरी ती महागात पडते. जोते आजूबाजूच्या पातळीपेक्षा उंच असावे आणि यंत्रे त्यावरही स्वतंत्र चौथऱ्यावर बसवावीत. मात्र जोते उंच केले की उताराचा रस्ता लांबतो. चढ एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी ७.२ मीटर लांबीचा उतार आणि शिवाय वळणाची सपाट जागा. अनेक नकाशांत हा उतार शेवटी आठवतो आणि मग तो चढावयास कठीण होतो.

तिसरी गोष्ट सूर्याची. साठीनंतरच्या डोळ्यांना तरुण डोळ्यांपेक्षा पुष्कळ अधिक प्रकाश लागतो, पण लकाकी सोसत नाही. त्यामुळे उत्तरेकडील मोठ्या खिडक्या धातुकामाला उत्तम. मात्र हैदराबादेत साधारण ९ मे आणि ३ ऑगस्ट या दिवशी मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि त्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा हवा. उघड्या पत्र्याचे छप्पर स्वस्त असते, पण मे महिन्यात त्याखाली वृद्धांना बसवणे म्हणजे कर्मशाळा स्वतःच्या हाताने बंद करणे होय. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि वर गरम हवा निघून जाण्यास झरोके यांचा खर्च पहिल्याच अंदाजात धरावा.

सुरक्षिततेची कलमेही नंतर वाढीव खर्च म्हणून येऊ नयेत. दरवाजे किमान ९० सेंटिमीटर मोकळ्या रुंदीचे, फरशी न घसरणारी, प्रत्येक यंत्रावर हाताच्या टप्प्यात बंद करण्याची कळ, पक्के अर्थिंग, विजेचा गळतीरोधक स्विच आणि वेल्डिंगचा धूर बाहेर खेचणारा पंखा या गोष्टी मूळ नकाशात असाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापविला की निघणारा धूर अपायकारक असतो. गॅसचे सिलिंडर इमारतीबाहेर, सावलीत, साखळीने बांधून उभे ठेवावेत. निवासाच्या शयनगृहांपासून कर्मशाळेचे अंतर असे असावे की ऐरणीचा आवाज दुपारच्या झोपेत शिरू नये.

आकड्यांचा हिशोब

आता एक नमुना पाहू. यातील दर केवळ हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या वर्षीच्या शासकीय दरसूचीवरूनच घ्यावेत.

आतील ९० चौरस मीटरसाठी जोत्याचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर होते. दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरल्यास मूळ बांधकाम २०,००,००० रुपयांचे. विजेच्या कामासाठी १२ टक्के, म्हणजे २,४०,००० रुपये. कर्मशाळेत तीन फेज वीज आणि भरपूर दिवे लागतात, म्हणून हे प्रमाण राहत्या घरापेक्षा अधिक धरावे. पाणी व सांडपाणी ५ टक्के, म्हणजे १,००,००० रुपये. कातळखोदाई, उतार व पावसाळी गटार यांसाठी १,६०,००० रुपये. बेरीज २५,००,००० रुपये झाली. त्यावर आकस्मिक खर्च ५ टक्के, १,२५,००० रुपये. आरेखन व देखरेख ५ टक्के, १,२५,००० रुपये. कंत्राटावरील वस्तू व सेवा कर १८ टक्के, ४,५०,००० रुपये. एकूण ३२,००,००० रुपये.

येथे अनेक समित्या थांबतात. वस्तुतः येथे अर्धेच काम झालेले असते.

पहिली बाब काळाची. मंजुरी आणि प्रत्यक्ष निविदा यांमध्ये दोन वर्षे गेली आणि दर वर्षाला ५ टक्के वाढले, तर ३२,००,००० चे ३५,२८,००० रुपये होतात. म्हणून अंदाजपत्रकावर दरसूचीचे वर्ष लिहावे आणि विलंबाची तरतूद वेगळी दाखवावी. आकस्मिक खर्चाच्या कलमात ती लपवू नये.

दुसरी बाब यंत्रसामग्रीची. लहान लेथ, ड्रिल मशीन, ग्राइंडर, वेल्डिंगचा संच, बाके, व्हाइस, कानशी, हातोडे, छिन्न्या, चष्मे आणि हातमोजे यांसाठी ६,००,००० रुपये धरू. हा खर्च इमारतीत मिसळू नये, कारण यंत्रे झिजतात आणि त्यांची जागा भरावी लागते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, म्हणजे दरसालच्या खर्चाची. प्रशिक्षक-नि-देखरेखदार याचे मानधन दरमहा २०,००० रुपये, वीज व कच्चा माल दरमहा १०,००० रुपये, दुरुस्ती, विमा व सुरक्षा साहित्य दरमहा १०,००० रुपये, असे एकूण दरमहा ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,००० रुपये. पाच वर्षांत हा आकडा २४,००,००० रुपयांवर जातो. इमारत ३२ लाख, यंत्रे ६ लाख आणि पाच वर्षांचा चालू खर्च २४ लाख, असा हा उपक्रम खरे पाहता ६२ लाखांचा आहे. इमारत त्याचा जेमतेम अर्धा भाग होय.

चालू खर्च केवळ ठेवीच्या व्याजातून भागवावयाचा म्हटले, तर ६ टक्के दराने ८०,००,००० रुपयांची ठेव लागेल, म्हणजे इमारतीच्या अडीचपट. हा आकडा घाबरविण्यासाठी नव्हे, तर विचार करावयास लावण्यासाठी आहे.

पैसा कोठून यावा

इमारतीसाठी पैसा तुलनेने लवकर मिळतो. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा आरंभ डिसेंबर १९९३ मध्ये झाला. तिचा भर टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण करण्यावर आहे, आवर्ती खर्च तीत बसत नाही. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील सामाजिक दायित्वाच्या यादीत वृद्धाश्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे कारखान्यांकडे मागणी करता येते. खाजगी दात्यालाही भिंतीवर नाव कोरलेले पाहावयास आवडते, आणि त्यात गैर काही नाही. तथापि, वीजबिलावर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून दात्यांपुढे मागणीच निराळी ठेवावी. ‘एक खोली द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘एक खोली आणि तिचा पाच वर्षांचा दिवा द्या’ असे म्हणावे. नामफलकावर दोन्हींची नोंद करावी.

उत्पन्नाचाही मार्ग आहे. शाळेची मोडकी बाके, दवाखान्यातील लोखंडी खाटा, शेतकऱ्यांची अवजारे, पाणी काढण्याची साधने यांची दुरुस्ती हे काम खेडोपाडी पडून असते. ते वृद्धांच्या कर्मशाळेला सहज करता येईल. मात्र पहिली दोन वर्षे हे उत्पन्न अंदाजपत्रकात शून्य धरावे. आले तर आनंदच मानावा. वृद्धांवर उत्पादनाचा बोजा पडला की कर्मशाळेचा मूळ हेतूच हरवतो.

अंथरूण पाहून पाय

दरमहा ४०,००० रुपयांची खात्रीशीर सोय होत नसेल, तर ९० चौरस मीटरची इमारत बांधूच नये. त्याऐवजी आवारातील एखादी जुनी, कोरडी शेड ४० चौरस मीटरची असेल तर ती दुरुस्त करावी. एका वेळी सहा माणसे, फक्त हातहत्यारे, आठवड्यातून तीन दिवस, आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निवृत्त निदेशकाची मदत, एवढ्यावर आरंभ करता येतो. दोन वर्षे ही शेड भरलेली राहिली, तर मोठ्या इमारतीच्या प्रस्तावाला तिच्या हजेरीपटाइतका भक्कम पुरावा दुसरा असणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपण संसाराइतकेच संस्थेलाही लागू आहे.

कार्यपद्धतीबाबत अधिकारीवर्गाने प्रस्ताव तपासताना नेहमीच्या कागदांखेरीज तीन गोष्टी अवश्य मागाव्यात : काम करणाऱ्या वृद्धांची यादी, चाचणी खड्ड्यांचा अहवाल आणि पाच वर्षांच्या चालू खर्चाचे साधनांसह विवरणपत्र. या तिन्हींशिवाय प्रशासकीय मान्यतेची घाई करू नये. तांत्रिक मान्यतेनंतर नकाशात फेरबदल करू नयेत, कारण बहुतेक वाढीव खर्च तेथेच जन्म घेतो. समितीवर निवासातील निदान दोन वृद्ध कारागीर असावेत. बाकाची उंची किती असावी, लेथ खिडकीच्या कोणत्या बाजूस असावा आणि कोणते यंत्र मुळीच घेऊ नये, हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगू शकणार नाही. त्यांचा सल्ला अंदाजपत्रकातील एकमेव विनामूल्य कलम आहे.

शिक्षकांनाही या कामात मोठे स्थान आहे. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांना अशा कर्मशाळेत नेता आले, तर मुलांना कानस धरण्याची रीत समजेल आणि वृद्धांना ती सांगण्याची संधी मिळेल. गावकऱ्यांनी आपली मोडकी अवजारे तेथे नेली, तर वृद्धनिवास हे गावाबाहेरचे घर न राहता गावाच्या व्यवहाराचा भाग बनेल.

इमारत उभी करणे हे गवंड्याचे काम आहे. ती जागती ठेवणे हे हिशोबाचे काम आहे. वृद्धनिवासातील कर्मशाळेच्या अंदाजपत्रकात विटांच्या कलमाइतकीच ठळक जागा पुढील पाच वर्षांच्या दिव्याला, देखरेखीला आणि कच्च्या मालाला मिळाली, तरच त्या दाराला कुलूप लागणार नाही.